शिंपल्या काढलेल्या विहिरीचं पाणी

१० नोव्हें., सोमवार
तनू पुन्हा ओकली. सकाळी साडेसातला. मांय, माझ्या सासूबाई, तिला नाचणीचं सत्त्व भरवत होत्या, शेवटचा चमचा गेला आणि सगळं त्यांच्या लुगड्यावर. तेरा महिन्यांचं पोर, दोन महिन्यांत वजन वाढलेलं नाही. डिचोलीच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तेच औषध लिहून दिलं. "इन्फेक्शन आहे. पाणी उकळून द्या."
देतेच आहे! रात्रभर तांब्याच्या पिंपात, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून. अजून काय करायचं?
शाळेत हाफ डे टाकला. नववीच्या वह्या तशाच पडल्यात.

१२ नोव्हें., बुधवार
उद्यापासून शाळेत इन्स्पेक्शन. तनूला म्हापशाला आईकडे सोडून आले. बसमधून परत येताना मांडी रिकामी. उगाच रडू आलं, खिडकीकडे तोंड केलं.
मांयना विचारलंसुद्धा नव्हतं. सासूला न विचारता नात नेली म्हणून तोंड फुगवतील असं वाटलं होतं. नाही फुगवलं. नुसतं विचारलं, "तिचें दुपटें घेतलें मगो?"

१५ नोव्हें., शनि.
आईचा फोन. तनू खातेय. पेज, केळं, पोदेराचा, पाववाल्याचा, पाव दुधात बुडवून. एकदाही उलटी नाही. "तुझ्या घरातच काहीतरी आहे बघ," आई म्हणाली. आईला आमच्या घरात नेहमीच काहीतरी दिसतं. आज मात्र हसता आलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
रविवारी आणली. आज दोनदा ओकली.
मांयनी मिरच्या-मीठ घेऊन दिष्ट काढली. मी काढू दिली. एरवी बोलले असते, मास्तरीण ना मी! नवरा, संदेश, कामावर निघता निघता म्हणाला, "फिल्टर घेऊया म्हटलेलें हांवें." हो, म्हटलेलं. मीच नको म्हटलं. वर्गात शिकवते ना, तांबं जंतू मारतं. गणपतीच्या आधी हौसेनं नळवालं तांब्याचं पिंप आणलं आणि मांयचं मडकं पडवीत नेऊन ठेवलं.
म्हापशात नळाचं पाणी. इथे विहिरीचं. एवढाच फरक.

१९ नोव्हें., बुध.
पिंपाच्या नळाखाली पांढऱ्या लादीवर डाग आहे. हिरवट निळा. कित्येक आठवडे मी तो लिंबानं घासून काढतेय. दर रविवारी. न चुकता.
आज फडकं हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. हा रंग मला ओळखीचा आहे. लॅबच्या कपाटातल्या तिसऱ्या खणात, मोरचुदाच्या बाटलीत असतो.
दोन बाटल्या भरून घेतल्या. एक विहिरीची, एक पिंपाची.

२० नोव्हें., गुरु.
शाळा सुटल्यावर लॅबमध्ये. दार लावून घेतलं.
शाळेच्या नळाचं पाणी: निळा लिटमस निळाच. आमच्या विहिरीचं: गुलाबी. पी.एच.चा कागद लावला. सात हवं, पाच. पुन्हा लावला. पाचच.
पिंपातलं लिटरभर पाणी शेगडीवर आटवलं, दोन तास गेले. तळाला चहाच्या कपाइतकंही उरलं नाही. गाळलं. अमोनियाचे थेंब टाकले. दरवर्षी मुलांसमोर टाकते, "बघा हं, आता जादू."
निळं झालं. गडद, सुंदर निळं.
बीकर सिंकमध्ये ठेवून दिला.
पाणी आम्ल. आम्लानं तांबं खाल्लं. ते माझ्या पोरीच्या पोटात. आणि उकळलं म्हणून तांबं थोडंच उडून जातं? उलट दाट होतं. नववीचं पोरही सांगेल.
घरी गेल्या गेल्या पिंप उपडं केलं. मांयना म्हटलं, गळतंय. वीस लिटरचा जार मागवला.
एक कळत नाही. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी याच विहिरीचं पाणी गंमत म्हणून तपासलं होतं. सात होतं. नक्की सात, संदेशला कागद दाखवून शायनिंग मारली होती. मग आता काय झालं?

२१ नोव्हें., शुक्र.
तनूला म्हापशाला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळं सांगितलं, लिटमसपासून. त्यांनी मध्ये तोडलं नाही, याचीच जास्त भीती वाटली. रक्त घेतलं. तिला धरायला दोघी लागल्या, एक मी. शीर सापडेना. तिच्या किंकाळ्या अजून कानात आहेत.
बाहेर शुक्रवारचा बाजार. तनू खांद्यावर झोपलेली, रिक्षा मिळेना म्हणून मासळीच्या बाजूनं चालत निघाले. एक बाई तिसऱ्या सोलत बसलेली, पुढ्यात रिकाम्या शिंपल्यांचा ढीग.
तिथेच कळलं. भर बाजारात.
मांय कोरगावच्या. दरवर्षी उन्हाळ्यात माहेरून टोपलीभर शिंपल्या घेऊन येतात. विहीर उपसली की तळाला टाकतात. त्यांच्या आईनं सांगितलेलं, "शिंपयो घातल्यार उदक गोड जाता." मी हसायचे. शिंपली म्हणजे दुसरं काय, खडूच. कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल हळूहळू मारत बसते, वर्षानुवर्षं, कुणाला न सांगता.
यंदा मेमध्ये उपसायला बेळगावकडचे चौघे होते. मांय तेव्हा भावाकडे गेलेल्या. त्यांचा मुकादम यल्लाप्पा खालून ओरडला, "बाई, तळाला शिंपल्याच शिंपल्या हायत. काढू का ऱ्हाऊ दे?"
मी वरून म्हटलं, "काढ तो सगळा कचरा."
अकरा टोपल्या निघाल्या. माडांच्या मुळात टाकायला लावल्या. मांयनी आणलेली नवी टोपलीसुद्धा मी विहिरीत जाऊ दिली नाही. "ब्लीचिंग पावडर घातलीय, यंदा नको," म्हटलं. घरात शिकलेली मीच.

२४ नोव्हें., सोम.
रिपोर्ट आला. यकृताचा आकडा जितका असावा त्याच्या तिपटीहून जास्त.
डॉक्टर म्हणाले, तांब्यामुळे असेल तर बंद केल्यावर उतरेल. काही मुलांचं यकृत मात्र तांबं बाहेर टाकूच शकत नाही, जन्मापासून. तसं असेल तर उतरणार नाही. मग बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला न्यावं लागेल, मोठ्या तपासण्या. आठवड्यानं पुन्हा रक्त.
"घाबरू नका."
कसं नाही घाबरायचं ते कुणी सांगत नाही. पोरगी मांडीवर बसून माझ्या मंगळसूत्राशी खेळतेय आणि मी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघतेय. पिवळा दिसतो. ट्यूबलाइटमुळे असेल. खिडकीशी नेऊन बघितलं. पांढराच आहे. परत आत आणलं.
सं.ला सगळं सांगितलं. "तू सायन्स शिकवतेस ना?" असं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तसं म्हणाला नाही.
मांयना फक्त एवढंच, की लिव्हर थोडं सुजलंय, जारचं पाणी द्यायचं.

२५ नोव्हें., मंगळ.
मांयनी आज तनूला भरवलं नाही. वाटी माझ्या हातात दिली. "तूंच भरय."
मला आधी कळलंच नाही. दुपारी शेजारच्या काकींना सांगत होत्या ते ऐकलं. गणेशचवथीला त्यांनी तनूच्या जिभेला नेवऱ्यांतलं, करंजीतलं, सारण लावलं होतं. "म्हज्याच हातान कितें तरी गेलें. ताच्या उपरांतच सुरू जालें."
चवथीनंतर सुरू झालं हे खरं. पिंपही तेव्हाच आलं.
मी दाराआड उभी होते. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. गेले नाही.

२६ नोव्हें., बुध.
आजही बोलले नाही. तनू हात पसरून त्यांच्याकडे जाते, त्या पदर आवरून पडवीत जाऊन बसतात. तनू रडते. मी बघते.
रोज वर्गात पोरांना ओरडते, चूक केली तर उभं राहून सांगा म्हणून. लाज वाटते.

२७ नोव्हें., गुरु.
सांगितलं.
मांय तांदूळ निवडत होत्या. मी समोर जमिनीवर बसले. पिंप, आम्ल, यल्लाप्पा, अकरा टोपल्या, सगळं. मध्येच लिटमसचा कागद काढून दाखवला, काय वेडेपणा! त्या कागदाकडे बघतच नव्हत्या.
"तुमच्या हातानं काही नाही गेलं, मांय. माझ्या हातानं गेलं."
त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं वाटत होतं.
"आठ दीस तुका खबर आशिल्लें?"
"हो."
"आनी तूं म्हाका अशी बसूंक दिलीस."
एवढंच बोलल्या. शिंपल्यांचं, पिंपाचं काही नाही. उठल्या, तनूला पाळण्यातून काढलं आणि घेऊन पडवीत गेल्या. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, तनूशी बोलताना. तो मात्र नेहमीचाच होता.

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी उठून बघते तर मांय माडांखाली. टोपली घेऊन एकेक शिंपली मातीतून उकरून काढतायत. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. तासाभरानं एवढंच, "मातयेसयत घालूं नाका. धुवून घाल."
पाच टोपल्या सापडल्या. बाकीच्या मातीनं गिळल्या. मांयनी भावाला फोन केला, आणखी पाठव म्हणून. मला सरळ हिशेब कळतोय की हे पाणी लगेच सात होणार नाही, महिने लागतील, आणि तोवर तनूला यातला थेंब द्यायचा नाही. तरी धूत बसले, विहिरीत टाकत गेले. नुसतं बसून राहिले तर वेड लागेल.
आठ दिवसांत एकच उलटी. सं. म्हणतो, बघ, उतरतंय. मी मान हलवते. आशा धरायचीच भीती वाटते.

१ डिसें., सोम.
सकाळी पुन्हा रक्त दिलं. यावेळी मांय बरोबर आल्या. तनूला त्यांनीच धरलं, मला म्हणाल्या, "तूं भायर बस." बसले. किंकाळी ऐकू आली, मग मांयचं "जालें गो बाये, जालें."
रिपोर्ट उद्या अकराला. फोनवर सांगतात.
संध्याकाळी विहिरीचा कागद लावला. पाच आणि सहाच्या मधे कुठेतरी. रंग ठरवता येईना, की माझे डोळे ठरवू देईनात. मांयनी विचारलं, "कितें म्हणटा तुजो कागद?"
"अजून नाही."
"जातलें," म्हणाल्या. होईल. पाण्याबद्दल म्हणाल्या की पोरीबद्दल, विचारायचं धैर्य झालं नाही.
तनू अजून आई म्हणत नाही, पपा म्हणत नाही. आज चालत चालत स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात उपड्या घातलेल्या पिंपावर थाप मारली, माझ्याकडे वळून हसली आणि स्वच्छ म्हणाली, "उदक."
मांयनी तिला उचललं. जारचं पाणी वाटीत ओतलं, आधी स्वतः एक घोट घेतला, मग वाटी माझ्यापुढे धरली. मीही घेतला. मग तिला दिलं.
सगळं प्यायली. तासभर झाला, ओकलेली नाही. मी शेजारी बसून आहे.