मेमोरियल डेच्या आधी नाही

ड्वेन,

आईला शेवटचा घालायला तिचा निळा ड्रेस घेऊन फ्युनरल होमला चाललेय. तुला उठवलं नाही. तसंही तिला कुठला ड्रेस आवडायचा, ते तुला कुठं माहीत होतं!

चर्चच्या बायकांनी आणलेलं खाणं फ्रिजमध्ये आहे. भांड्यांच्या बुडाला त्यांच्या नावांच्या पट्ट्या चिकटवल्यात, त्या काढू नकोस. नंतरचा घोळ मलाच निस्तरावा लागतो.

तू स्विमिंग पूल उघडायला पूलवाल्याला बोलावलंयस, हे काल तुझ्या बायकोकडून कळलं. उद्या दफनानंतर माणसं घरी येणार, आणि परसातल्या पूलवरचं ते हिवाळ्याचं कव्हर, त्यावरची कुजकी पानं बरी दिसत नाहीत म्हणे.

आईनं सबंध एप्रिल तुझ्यामागं लकडा लावला होता. "पोहायचं नाही रे मला, नुसते पाय सोडून बसेन." ऊनही छान पडत होतं. तू काय म्हणालास? "मेअखेरीला मेमोरियल डे येतो, त्याच्या आधी या घरात पूल उघडत नाही. बाबांचा नियम आहे." वर मलाच म्हणालास, "बर्टा, तू तिचे फार लाड करतेस." मग ती बिचारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून कव्हरकडं बघत राहायची.

पूलवाल्याला मी सकाळीच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलंय. मेमोरियल डेला अजून अवकाश आहे.

पाहुण्यांनी विचारलं तर सांग, बाबांचा नियम आहे.

बर्टा