मुजावरकीचा कागद

अझैबा, मस्कत
१४ फेब्रुवारी १९९८

प्रिय हवाबी आपा,

सलाम. गुडघा कसा आहे? दर्ग्याच्या पायऱ्या चढताना भिंत धरत जा. माझी साखर थोडी वाढली आहे, पण काळजी करू नकोस. हे पत्र शेजारच्या समरीनकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच. माझं चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

जमातीचा कागद मिळाला. अब्बांच्या मागे मी परत येऊन दर्ग्याची मुजावरकी घ्यावी, नाहीतर चुलतभाऊ सादिकला द्यावी, असं लिहिलंय. तीन आठवडे तो उशीखाली होता.

इथे अर्बाबच्या, म्हणजे माझ्या मालकाच्या, आंधळ्या आईला मी जेवू घालतो. परवा तिने विचारलं, तुझा बाप काय करायचा? एकोणीस वर्षं मी सगळ्यांना शेती सांगत आलो. पासपोर्ट काढतानाच मुजावर आडनाव टाकून गावाचं लावलं होतं. शाळेत पोरं म्हणायची, चादरीवर जगणारा. ते मनातून गेलं नाही. पण तिचा हात माझ्या हातात होता, खोटं बोलवेना. म्हटलं, लोक वेडी, आजारी माणसं दर्ग्यावर सोडून जायचे. अब्बा त्यांना आंघोळ घालायचे, भरवायचे.

ती म्हणाली, "म्हणजे मुजाविर. हा आमच्याकडचा शब्द. शेकडो वर्षांपूर्वी घरदार सोडून जे मक्केत काबाजवळ राहिले, त्यांना म्हणत. जवळ राहणारा. मग तू इतक्या लांब काय करतोस?"

मी घास भरवत राहिलो.

आपा, अब्बा अंथरुणावर असताना सुट्टी मिळत नाही असं मी लिहिलं होतं. सुट्टी मिळाली होती. तिकीटही हातात होतं. चारचौघांत अब्बा दर्ग्याची किल्ली माझ्या हातात देतील, या भीतीने मी ते परत केलं. सात महिने तू त्यांचं हगणंमुतणं काढलंस, आणि मला एकदाही काही विचारलं नाहीस. त्याचीच जास्त लाज वाटते.

कागद सोबत आहे. त्यावरचं माझं नाव खोडलं. सादिकचंही खोडलं, तो उरुसापुरता येईल. तुझं लिहून सही केली. बाईला मुजावरकी कशी, असं जमात म्हणेल. नाहीच ऐकलं तर मी येतो, किल्ली घ्यायला नव्हे, तुझ्या बाजूने बोलायला. अर्बाबकडे रजा मागितली आहे. या वेळी तिकीट परत करणार नाही.

लिफाफ्यावर तुझ्या नावापुढे मुजावर लिहिलं आहे. माझ्या नावापुढे काही लिहिलेलं नाही.

तुझा, लांब राहिलेला,
जाफर