सेलूतला सात नंबर

४ फेब्रुवारी १९९१
टेलिफोन एक्स्चेंज ऑटोमॅटिक व्हायलंय म्हणे. सगळ्यांना चार आकडी नंबर. व्हवू द्या. माझा सात हाय, सातच राहणार. सेलूत एक आकडी फोन असा कितीजणांकडं? शेजारच्या किशनरावाला गेल्या साली तीन आकडी मिळाला, त्यानं खुशाल नाचावं. ऑपरेटर दत्तरावाला विचारलं. म्हणाला, जुनं-नवं दोन्ही चालंल मालक, बेफिकीर राहा. आपला माणूस! संक्रांतीचे तीळ त्याच्या घरी आपल्याच आडतीवरून जातात.

९ फेब्रुवारी, सकाळी
लाइनमन बटनांचा फोन घेऊन आला. नुसतं खेळणं. परत धाडला. आपल्या काळ्या फोनचं हँडल फिरवलं की दत्तराव आवाजावरून ओळखतो. बटनाला काय कळतंय कोणाची पत काय ते?

१२ फेब्रुवारी
पूर्णेचे पंडितराव आमच्या विजयाला बघून गेले. मुलगा रेल्वेत. पोरीला लय पसंत, तोंडावरच दिसतंय. फोनवर कळवतो म्हणाले. मी ऐटीत सांगितलं, ट्रंक लावून सेलू सात मागा, बस्स. पार्वती म्हणाली, दुसरा एखादा नंबर पण द्या. म्हटलं, तू चहाचं बघ.

१६ फेब्रुवारी
नवं एक्स्चेंज चालू. हँडल फिरवलं. दत्तराव बोलला नाही. गडबडीत असेल.

१९ फेब्रुवारी
फोन गप्प. म्हणजे पूर्णेकर विचार करायलेत. चांगलं लक्षण. उथळ लोक लगेच होकार देतात. जेवणाचं ताट फोनपाशीच मागवलं. आडतीवर गेलो नाही.

२१ फेब्रुवारी, दुपारी
शेवटी एक्स्चेंजवर गेलो. दत्तराव नाही! परभणीला बदली स्वतः मागून घेतली. जाण्याआधी स्वतःच्या मेव्हण्याच्या घरी बटनांचा फोन बसवून गेला. आणि मला म्हणे दोन्ही चालंल! खाल्ल्या मिठाला जागला न्हाई मेला. लय लागलं जिवाला.
नव्या साहेबाला ठणकावलं, जुना पण चालू ठेवा. तो म्हणाला, काका, या मशीनला सात म्हणजे कोण, ठाऊकच नाही. मशीन अडाणी, त्याला मी काय करू? उद्या थेट वरच्या साहेबाकडं जातो. ठरलं. फक्त तेवढ्यात पूर्णेचा फोन आला तर पंचाईत, म्हणून परवा.

२४ फेब्रुवारी
किशनरावाच्या घरून पेढे आले. कशाचे, विचारलं. म्हणे, विजयाचं जमलं!
पंडितरावांना सात लागेना. पार्वतीनं पाहुण्यांना फाटकापाशी किशनरावाचा नवा नंबर गुपचूप दिलेला. होकार, तारीख, मानपान, सगळं त्याच्याच फोनवर उरकलं. पूर्णेकर त्याला आत्ताच व्याही म्हणायलेत. पोटच्या पोरीचं लग्न, आणि बापाला शेजाऱ्याच्या पेढ्यावरून कळावं! दत्तराव तरी परका. बायको तर घरची.
पार्वतीवर ओरडलो, मला का नाही सांगितलं? म्हणाली, होकार आला तवा पळत आल्ते. तुमीच म्हनलात, गप बस, फोन यायचाय.