गॅपचं कारण

जऊळका, १४ जून २०२४

चि. संस्कृतीस,
आबांचे भरभरून आशीर्वाद. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू बोलताना मध्येच हसतेस, म्हणून पत्र.

तुझी आई सांगून गेली, की अमरावतीच्या कॉलेजात नंबर लागत असूनही तू यंदा जाणार नाहीस. काहून, तर तुझ्या मैत्रिणीसाठी, यूसरासाठी! तिची आई मेहरबी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, ती पोर आईला सोडून कशी जाणार, हे मला कळतं. पण तू कायले थांबतेस? एकदा शिक्षणात खंड पडला की मुलीला पाहायला पाहुणे येऊ लागतात, हे मी पस्तीस वर्षं मास्तरकी करून पाहिलं आहे.

एकाहत्तर साली मी ट्रेनिंगला निघालो, तेव्हा माझा दोस्त इंद्रभान सोबत येणार होता. ऐनवेळी त्याचे वडील आजारी पडले. एक साल थांब, मंग दोघं जाऊ, असं तो म्हणाला. मी थांबलो नाही, म्हणून मास्तर झालो. तो अजून शेतातच आहे. विचार कर.

तुझ्या काळजीत असलेला,
जानराव

इंझोरी, २० जून २०२४

ती. आबांना,
वाकून नमस्कार, वि. वि. पत्र मिळालं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. आई म्हणते, रागावलात की ते आणखी सुंदर येतं.

आबा, यूसराचे अब्बू, फय्याजचाचा, मला स्पष्टच म्हणाले, की तू संग असशील तर पोरीले अमरावतीले धाडतो, एकटीले नाही. यंदा मी गेले तर पुढच्या वर्षी ती एकटी पडेल, म्हणजे कधीच जाणार नाही. माझं एक वर्ष जाईल, तिचं सगळंच जाईल. आणि बारावीला तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त आहेत!

पाहुण्यांचं मी बाबांशी बोलून घेतलं. पोरगी शिकेपर्यंत या घरात कोणासाठी पोहे व्हायचे नाहीत, असं ते म्हणाले. रागावलात तरी लिहीत राहा.

तुमचीच हट्टी नात,
संस्कृती

इंझोरी, ५ जुलै २०२५

ती. आबांना,
नमस्कार, वि. वि. दोघींना ॲडमिशन मिळाली! वर्ग एक, होस्टेलची खोलीही एक.

मेहरबीचाची आता वॉकर सोडून अंगणात फिरतात. फय्याजचाचांच्या शिलाईच्या दुकानात बसून मी वर्षभरात काज-बटण शिकले. तुमच्या सदऱ्याचं बटण मीच लावलं होतं. तुटलं नसेल तर कौतुक करा.

वर्ष कशामुळे गेलं, याचं प्रतिज्ञापत्र कॉलेजला द्यावं लागतं. तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्या अनुपभाऊंकडे मजकूर तयारच असतो, ‘घरगुती अडचणीमुळे’. यूसराने तोच दिला, तिचं खरंच होतं. पण माझ्या घरी कसली अडचण? शपथेवर खोटं कसं लिहू? मी ते काढून खरं कारण लिहायला लावलं. असं कोणी लिहिते काय, बाई, म्हणून ते हसले, पण टाइप केलं. कॉलेजातल्या मॅडमनी दोनदा वाचून शिक्का मारला. झेरॉक्स सोबत आहे.

आता तरी राग सोडा.
तुमची संस्कृती

जऊळका, ११ जुलै २०२५

चि. संस्कृतीस,
आशीर्वाद या खेपेला दोघींना, आणि शाबासकी आधी तुला. ‘मैत्रिणीसाठी एक वर्ष थांबले.’ स्टँपपेपरवर इतकं खरं वाक्य मी आजवर वाचलं नव्हतं. तुझा फार अभिमान वाटला. मी चुकलो होतो, पोरी. बटणही शाबूत आहे.

कागद घेऊन इंद्रभानच्या शेतात गेलो, त्याला वाचून दाखवला. पोरगी तुयापेक्षा मोठी निघाली, जानराव, एवढंच तो म्हणाला. तेव्हा मी त्याला सांगितलं, की मीसुद्धा थांबायला पाहिजे होतं. इतकी वर्षं आम्ही रोज सोबत चहा पितो, पण हे तोंडातून निघत नव्हतं.

झेरॉक्स त्याने घडी करून खिशात घातली, परत दिली नाही. मला दुसरी पाठव.

तुझ्याकडून शिकलेला,
आबा