मीटरवरचा गणपती

२४ सप्टेंबर २००६

सहा महिने वहीला हात लावला नाही. माफ कर. आळस होता, आणि थोडी फुशारकीही. स्वतःवर खूश असलं की लिहावंसं वाटत नाही!

मार्चमध्ये गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवला. गीझर बंद. पिवळे बल्ब जाऊन सीएफएल आले. घरघरणारा जुना फ्रिज मोडीत दिला. बिल थेट निम्म्यावर. मी ते महिला मंडळात मिरवलं – 'मला जमलं, तुम्हालाही जमेल.' शेजारच्या मंगलाबाईंनी माझ्या शब्दावर मुदतठेव मोडली आणि जूनमध्ये सगळं तसंच करून घेतलं. त्यांचं बिल मात्र जेमतेम उतरलं.

आज कुंपणापलीकडून त्यांचा आवाज. सुनेला, वैष्णवीला – "शुभांगीकडं बी तोच सोलर, तेच दिवे. मग आपली लाइट जाते कुठं? तुझ्या इस्त्रीत!"

इथे भारनियमनात अर्धा दिवस लाइटच नसते. ती पोरगी इस्त्री करणार तरी कधी?

२७ सप्टेंबर

मंगलाबाई अंगणात आल्या. "तुझं काय गुपित हाय, सांग की गं." मी म्हटलं, गुपित कसलं, काटकसर! आणि वर वैष्णवीला बोलावून मिक्सर, पंखा, इस्त्री यांवर व्याख्यान दिलं. ती मान खाली घालून 'हो काकू' म्हणत राहिली.

नंतर वाटलं, हे व्याख्यान तिच्यासाठी होतं, की मला स्वतःचंच कौतुक ऐकायचं होतं?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

किळस. दुसरा शब्द नाही.

सकाळी पूजेला सगळी यंत्रं पुसली – शिलाई मशीन, स्कूटर, गच्चीवरचा सोलर. मग पोर्चमधला मीटर. सोलर बसवला त्याच दिवशी ह्यांनी मीटरवर लाल फडक्यात बांधलेला गणपती ठेवला होता. सुपारीचा असेल, असं धरून मी सहा महिने त्याला रोज फूल वाहतेय. आज मीटर पुसायला म्हणून तो उचलायला गेले. निघेना! सुपारी कधी लोखंडाला चिकटते?

ओढून काढला. आतापर्यंत पेंगत फिरणारी मीटरची चकती भरभर पळायला लागली. फडकं सोडलं. आत काळा, जड चुंबक. वर माझंच हळदकुंकू.

झेंडूची माळ हातात तशीच. सोलरला घातली. त्या बिचाऱ्याने तरी चोरी केली नव्हती.

२ ऑक्टोबर, दसरा

हे अजिबात वरमले नाहीत. "निम्मी कॉलनी करते. अर्धा दिवस लाइट देत नाहीत, त्यांना पुरं बिल का द्यायचं?" म्हटलं, मग देवाला का गुंडाळलंत त्यात? तर हसून – "देवाला कोण हात लावतंय!"

मंगलाबाईंना सांगते म्हटल्यावर हसू गेलं. "जा, सांग. मीटर तुझ्या नावावर आहे, विसरू नकोस."

संध्याकाळी आपट्याची पानं दिली-घेतली. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' तोंडात कडू चव.

चुंबक माझ्या कपाटात आहे. सोलरने खरंच थोडं वाचवलं असणार. ते थोडं मला पुरलं असतं.

३ ऑक्टोबर

मंगलाबाईंकडे गेले नाही. भाजी जास्त झाली होती, ती घेऊन जाणार होते. भाजी संपली.

५ ऑक्टोबर

मंगलाबाईंनी वैष्णवीला माहेरी धाडलं. येवल्याला. "चार महिने बापाचं मीटर पळव, म्हणजे कळेल." तिचा नवरा अमोल बॅग उचलून पुढे चालत होता. ती मला म्हणाली, "काकू, मी खरंच जपून वापरत होते हो."

मी काय म्हटलं? म्हटलं, 'सांभाळून जा.'

ह्यांची किळस येते म्हणते. आरशात बघायला काय हरकत आहे?

६ ऑक्टोबर

आजही नाही.

९ ऑक्टोबर

गेले. उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं – आमचं बिल खोटं होतं, वैष्णवीची काही चूक नाही, तिला परत आणा.

मंगलाबाई हसल्या. "अगं, ये, बस. मला ठाव हाय. तुझ्या ह्यांनीच, ज्ञानेशभाऊंनी, परवा सांगितलं. लय भला माणूस." आणि बोट दाखवलं. त्यांच्या मीटरवर लाल फडकं. ताजं जास्वंदीचं फूल. म्हणजे माझं तोंड बंद राहावं म्हणून ह्यांनी त्यांनाही गणपती आणून दिला!

मी कसंबसं विचारलं, "मग वैष्णवीला कधी आणणार?"

"आणू की. आधी बिल येऊ दे. निम्मं झालं की तिच्या बापाला दाखवते – बघा, तुमची लेक गेली आणि बिल उतरलं! जन्मभर वर तोंड करून बोलायची नाय."

चहा पुढे आला होता. तसाच ठेवून उठले.

उद्या : कपाटातला चुंबक पिशवीत घालून पहिल्या एसटीने येवल्याला जाणे.