आग आधी, पाणी नंतर

आदरणीय साडूभाऊ,

तुमच्या धाकट्या साडूचा, खुर्चीत बसून जितका वाकून करता येतो तितका नमस्कार. ताईंची कंबर कशी आहे? तुमचं पित्त, मुलांचे दात, सगळं जागच्या जागी असेलच. आम्ही इकडे खुशाल आहोत (पत्रात हे लिहावंच लागतं म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नका).

मागच्या खेपेला तुम्ही आमच्या लाँड्रीच्या ऑफिसात माझ्या खुर्चीत बसलात, कॉम्प्युटरची ती काळी खिडकी उघडलीत आणि एका ओळीचा हुकूम सोडून गिऱ्हाइकांची अख्खी यादी चुटकीसरशी लावून दाखवलीत, ते आठवतं का? सॉर्ट लिहायचं. पुढे डॅश यू लिहिलं की दोनदा आलेल्या ओळी गळतात, डॅश ओ लिहिलं की आहे त्याच फाइलवर उत्तर उतरवता येतं. मी आ वासून बघत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, की हा ओळी क्रमाने लावतो. कोणत्या क्रमाने, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही (तुमच्यापुढे अडाणी दिसण्याची मला पहिल्यापासून धास्ती). मला वाटलं, एवढं महागडं यंत्र, योग्य त्याच क्रमाने लावत असणार.

आता आपल्या सासऱ्यांकडे येतो. आमच्या लाँड्रीचा बॉयलर त्यांच्याशिवाय कुणाला पेटवता येत नाही, हे मालकांना फार दिवस खुपत होतं. म्हणून त्यांनी हुकूम काढला, की सासऱ्यांनी सूचना सांगाव्यात, मी टाइप कराव्यात आणि तो कागद बॉयलरशेजारी भिंतीवर लावावा. सासऱ्यांनी त्या सांगितल्या, पण कशा? जिन्यात एक, हात धुताना एक, चादरी मोजताना मध्येच “अहो, त्याच्याही आधी ते करायचं बरं का” अशी एक. मी येतील तशा टाइप करत गेलो. शेवटी फाइलीचं जे कडबोळं झालं ते बघून मी मुळीच घाबरलो नाही (तेवढ्याच एका वेळी घाबरलो नाही). तुमचा हुकूम सोडला, डॅश यू आणि डॅश ओ सकट. कागद छापला, त्यावर प्लास्टिक चढवलं, फिटरने चार स्क्रू मारून तो भिंतीला ठोकला. सासऱ्यांनी चष्म्याअभावी वाचला नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले.

काल मी तो पहिल्यांदा नीट वाचला. पहिली सूचना, आग लावा. दुसरी, काटा बघा. तिसरी, घरी जा. पाणी भरा, ही त्याच्याही नंतर. मुख्य झडप त्याखाली आणि सुरक्षा झडप तपासा, ही अगदी तळाला, कारण यंत्राचा क्रम मुळाक्षरांचा, आणि त्यात ‘स’ बिचारा शेवटाकडेच येतो. सासऱ्यांनी काटा बघायला प्रत्येक पायरीनंतर सांगितलं होतं, पण दोनदा आलेल्या ओळी गळतात ना, म्हणून काटा आता जन्मात एकदाच बघायचा. त्यातल्या त्यात तिसरी सूचना मला शहाणपणाची वाटली आणि मी ती लगेच पाळली.

सासरे स्वतः कागद बघत नाहीत, त्यामुळे अजून सगळ्यांचे हातपाय शाबूत आहेत. पण उद्या सकाळी बॉयलरचे इन्स्पेक्टर येणार आणि तो कागद सासऱ्यांसमोर मोठ्याने वाचणार. कागद उतरवावा, तर बॉयलरच्या खोलीची किल्ली सासऱ्यांच्या कमरेला. सरळ कबूल करावं, तर तुम्हाला त्यांचा आवाज ठाऊक आहे. बॉयलर एकदाच फुटतो, सासरे दर सणावाराला फुटतील. म्हणून मी त्यांना सांगितलं, की ताईंची कंबर फारच धरली आहे, तुम्हीच जाऊन बघून या. ते बिचारे लगेच पिशवी भरायला लागले. हे पत्र तेच आणताहेत. पाकीट चिकटवलेलं असेल, तरी तुम्ही ते दुसऱ्या खोलीत जाऊन फोडा.

तुमचा घाबरट साडू

ता. क. ते आत येण्याआधी ताईंना आडवं करा आणि कण्हायला सांगा.

ता. क. दुसरा. खरी विनंती आता. मालक आत्ताच सांगून गेले, की इन्स्पेक्टरांना बॉयलर कागदावरून पेटवलेला बघायचाय आणि तो ज्याने कागद केला त्यानेच पेटवायचाय. मूळ फाइल डॅश ओने खाल्ली. खरा क्रम जगात फक्त सासऱ्यांच्या डोक्यात आहे. गप्पांच्या ओघात तो काढून घ्या आणि आजच्या आज मला कळवा. माझी बायको म्हणजे तुमची धाकटी मेहुणी, एवढं ध्यानात ठेवा.

ता. क. तिसरा. सासरे निघाले, दारात या पाकिटासाठी थांबलेत. बूट घालता घालता त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी होता नव्हता तो धीर एकवटून, सहज विचारल्यासारखं विचारलं, की आधी कोणती झडप उघडायची. ते हसून म्हणाले, “मला काय विचारता, जावईबापू? तुम्ही लिहिलंयत तसंच करा. तुमच्या हाताखाली बॉयलर सोडून जायला मला आता काही वाटत नाही.” लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यावर पहिल्यांदाच विश्वास टाकला आहे, आणि मला उभ्या जन्मात कधी इतकी भीती वाटली नव्हती.