बंद पडलेली जोडीदार

सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५
आज बोईसरच्या कारखान्यात रुजू झाले. हे गेले म्हणून मिळालेली नोकरी. काम संगणक खोलीत. गार हवा, चपला बाहेर, खिडकीतून प्लँट दिसतो. फाटकावरचा चिंधू म्हणाला, वयनी, तिकडं लय थंडी, शाल आना. किती दिवसांनी हसले.

बुधवार, ८
भगवंत साहेबांनी काम शांतपणे समजावलं. कामगारांची हजेरी, टाक्यांचे दाब, सगळं एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिलं जातं. एक बिघडली तरी दुसरी असते. आता माहिती नव्या डिस्कवर न्यायची आहे. नवी आधी जोडायची, ती भरली की मगच जुनी सोडायची. मधे माहिती एकटी पडता कामा नये.
जोडीतली एक मात्र बंदच आहे. टाकी फुटून स्फोट झाला त्या सकाळपासून. त्याच सकाळी हे गेले, आणि पाळीवरची सगळी माणसं.

शनिवार, ११
नवी भरायला वेळ लागेल. तोवर चालू डिस्क एकटी. साहेब म्हणाले, बंद पडलेली पुन्हा लावू, तेवढाच आधार. मलाही ते पटलं. एकटं राहणं मला माहीत आहे. लावली. मग साहेबांनीच पडद्यावर बोट ठेवलं. माहिती उलट जात होती, बंदवरून चालूवर.

सोमवार, १३
हजेरीत ह्यांचं नाव. हजर. साहेब म्हणाले, जुनं वर येतंय, बाकी काही नाही. पण अर्ध्यात तोडली तर दोन्ही अर्धवट राहतील, पुरं होऊ द्या.
खिडकीतली जळकी टाकी आज रंगवलेली दिसली.

मंगळवार, १४
चिंधूने अडवलं. तुमी कोन बाई? पास हाय का? मला चेष्टा वाटली. तो हसला नाही. पाळीच्या गर्दीतून आत शिरले. साहेबांची खुर्ची नाही. ते स्फोटानंतर आलेले — मीही.
संध्याकाळी पालघरला घरी गेले. दार आतून बंद. फटीतून पाहिलं. चुलीपाशी मी. कपाळावर कुंकू. भाकरी थापत होते.

बुधवार, १५
रात्र स्टेशनवर बसून काढली. सकाळी पुन्हा खोलीत.
हे आले. जिवंत. मी थंडीने तोंडावरून शाल घेतलेली; दारात उभे राहून विचारलं, बाई, तुम्ही कोण. मी म्हटलं, पळा, टाकी फुटेल. म्हणाले, माझी माणसं आत आहेत. निघाले.
पडद्यावर दाब चढतोय — त्या सकाळसारखाच.
बंद डिस्कची तार हातात आहे. ओढली तर वर आलेली ही जुनी सकाळ पुसली जाईल, पुन्हा स्फोट नाही. साहेब परत येतील, चिंधू ओळखेल. हे नसतील.
ओढायलाच हवी. ओढते.
पाठमोरे चाललेत. एकदाच वळून बघू देत, मग —